घेर आणि दाब : मुलुखमैदान तोफेपासून रिव्हॉल्व्हरपर्यंत

१/
२२ जुलै १९३१. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे ग्रंथालय. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन भेटीस आले होते. त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे पुढे झाले आणि त्यांनी अगदी जवळून हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले. गोळी छातीवर बसली. हॉटसन मात्र वाचले. गोगटे यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि पुढे आयुष्यभर ‘हॉटसन गोगटे’ हीच त्यांची ओळख राहिली.

२/
त्या गोळीचे मूळ सोलापुरात होते. मे १९३० मध्ये सोलापूर पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ मे रोजी शहरावर लष्करी कायदा लादला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सोलापुरातील दडपशाहीचा जाब म्हणून आपण हॉटसनवर गोळी झाडली, अशी गोगटे यांची भूमिका होती. सोलापूरचा चार हुतात्मा चौक आणि फर्ग्युसनचे ग्रंथालय यांना जोडणारा धागा तो हा.

३/
हॉटसन वाचले कसे, याची दोन उत्तरे मराठीत प्रचलित आहेत. एक असे की खिशातील पाकीट आणि त्याचे धातूचे बटन यांनी गोळी अडवली. दुसरे असे की त्यांनी कोटाखाली चिलखत घातले होते. दोन्ही उत्तरे गोळी जिथे पोहोचली तिथे थांबतात. ती जिथून निघाली, त्या नळीत तिच्यामागे किती दाब होता, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. शस्त्रांच्या इतिहासाची आपली आवड इथेच तोकडी पडते. आपण घेर मोजतो, लांबी मोजतो, वजन मोजतो. दाब मोजत नाही. आणि ही चूक केवळ अभ्यासाची राहत नाही, प्रसंगी ती हातापायांवर बेतते.

४/
आधी दाब म्हणजे काय ते पाहू. काडतुसातील दारू पेटली की क्षणार्धात तप्त वायू निर्माण होतो. त्याला फैलावायचे असते. भोवती धातूची भिंत असते आणि पुढे गोळी. वायू गोळीला पुढे रेटतो, त्याच वेळी भिंतीलाही तितक्याच जोराने बाहेर ढकलतो. स्वयंपाकघरातील कुकर दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड दाबावर शिट्टी देतो. ब्रिटिश फौजेच्या जुन्या ०.४५५ इंची वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा दाब सुमारे १३,००० पौंड. आजच्या काही रिव्हॉल्व्हरांत तो ६५,००० पौंडांपर्यंत जातो. कुकरला शिट्टी आणि सुरक्षा झडप तरी असते. बंदुकीच्या नळीला तीही नाही.

५/
आपल्याकडे शस्त्राची ओळख ‘बोअर’वरून होते : बत्तीस बोअर, बारा बोअर. बोअर म्हणजे स्थूलमानाने नळीच्या पोटाचे माप. या एका शब्दाने बरेच घोटाळे केले आहेत. दोन काडतुसांच्या गोळीचा व्यास सारखा असू शकतो, लांबीही जवळपास सारखी असू शकते आणि तरी एकाचा दाब दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतो. काडतूस खाण्यात बसले म्हणजे ते चालेल, हा समज याच घोटाळ्यातून जन्मतो. बसणे ही मापाची गोष्ट आहे, चालणे ही ताकदीची.

६/
घेराचे वेड आपल्याकडे नवे नाही. सोलापूरच्या टापूने तर दख्खनमधील सर्वांत प्रचंड घेर पाहिला आहे. ‘मलिक-ए-मैदान’, मराठी जिभेवरची मुलुखमैदान तोफ, अहमदनगरच्या निजामशाहीत १५४९ मध्ये ओतली गेली. ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नाव तोफेवर कोरलेले आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ च्या सुमारास आदिलशाहीने ती विजापूरला नेली. सोलापूर, परांडा आणि भोवतालचा मुलूख यांसाठी निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या झगडल्या. ही तोफ त्या झगड्याचीच साक्ष आहे.

७/
तिची मापे प्रसिद्ध आहेत : लांबी सव्वाचौदा फुटांच्या आसपास, वजन सुमारे ५५ टन, पोटाचा व्यास सुमारे २ फूट ४ इंच. सांगणारे इथेच थांबतात आणि ऐकणारे थक्क होतात. खरी बोलकी संख्या मात्र निराळी आहे. तोंडाशी तोफेचा बाहेरचा व्यास पाच फुटांच्या घरात जातो. म्हणजे पोकळीभोवती चहूबाजूंनी सव्वा फुटाच्या आसपास जाडीची मिश्रधातूची भिंत आहे. एवढे पोट खुले ठेवायचे तर भोवती एवढी भिंत उभारावी लागते, हे त्या कारागिराला ठाऊक होते. ५५ टन वजनात डामडौल थोडा, सावधगिरी जास्त.

८/
आणखी एक हिशेब करून पाहावा. २ फूट ४ इंच व्यासाचा भरीव लोखंडी गोळा घडवला, तर त्याचे वजन बाराशे किलोच्या वर जाईल. तोच गोळा दगडाचा केला, तर पाचशे किलोच्या आसपास येईल. जगभरच्या अशा महाकाय तोफा दगडी गोळे का फेकत, याचे एक कारण इथे दडले आहे. गोळा जितका जड, तितका तो जागचा हलण्यास वेळ घेतो आणि तितका मागचा दाब चढत जातो. हलका गोळा लवकर सुटतो व भिंतीवरचा ताण कमी करतो. दाब मोजण्याचे यंत्र नव्हते, तरी दाबाची जाण होती. ती जाण ग्रंथांत कमी आणि गोलंदाजांच्या हातात जास्त होती.

९/
मुलुखमैदानची एक दंतकथा विजापुरात आजही सांगतात. बत्ती दिल्यावर गोलंदाज जवळच्या पाण्याच्या हौदात उडी मारून बुडी घेत असे, म्हणजे कान वाचावेत. कथा खरी असो वा नसो, तिच्यातली भीती खरी आहे. तोफेला सर्वांत जास्त भीत असे तो तिचा स्वतःचा गोलंदाज. शत्रूची गोळी चुकण्याची शक्यता होती. आपलीच तोफ फुटली तर तिच्यापासून सुटका नव्हती.

१०/
ही भीती जगभर अनुभवातून आली होती. १४६० मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्वतःच्याच फौजेची तोफ फुटून ठार झाला. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेच्या ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेवर बड्या पाहुण्यांसमोर ‘पीसमेकर’ नावाची बारा इंची तोफ दागून दाखवली जात होती. ती फुटली आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री यांच्यासह सहा जण मेले. तोफ नवी होती, भव्य होती आणि आधी तिचे बार निर्धोक झालेही होते. कमकुवत होता तो तिच्या लोखंडातला आतला जोड, जो बाहेरून दिसत नव्हता.

११/
यातून एक संस्था जन्मली, जिच्याकडे शस्त्रप्रेमी क्वचितच वळून पाहतात : कसोटीगृह. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. तिथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा भारी असा एक बार काढला जाई. नळी तगली तर तिच्यावर छाप उमटे, फुटली तर ती बाजारात जात नसे. त्या छापेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ‘हे शस्त्र अमुक दारूच्या अमुक बारासाठी तपासले आहे’, एवढेच ती छाप सांगते. पुढे शोधल्या जाणाऱ्या दारूची हमी तिच्यात नसते.

१२/
आणि दारू बदललीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जागा धूरविरहित दारूने घेतली. काळी दारू उघड्यावर आणि कोंडलेल्या जागी जवळपास सारख्याच स्वभावाने जळते. धूरविरहित दारूचा स्वभाव वेगळा : भोवतीचा दाब वाढला की तिचा जळण्याचा वेगही वाढतो आणि त्या वेगाने दाब आणखी चढतो. शिवाय तेवढ्याच जागेत ती कितीतरी जास्त शक्ती साठवते. काळ्या दारूच्या शस्त्रात तेवढ्याच मापाने नवी दारू भरणे म्हणजे शस्त्राचा बॉम्ब करणे होय. वेब्ली रिव्हॉल्व्हर या संक्रमणाचेच अपत्य. ते १८८७ मध्ये काळ्या दारूसाठी स्वीकारले गेले आणि पुढे कॉर्डाइटच्या काडतुसांसाठी टप्प्याटप्प्याने सुधारत १९१५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत पोहोचले.

१३/
आता रिव्हॉल्व्हरच्या रचनेकडे वळू. रायफलीत काडतूस नळीच्याच मागच्या टोकाशी एका भक्कम खाण्यात बसते. रिव्हॉल्व्हरमध्ये ते फिरत्या सिलिंडरच्या एका खाण्यात असते आणि बहुधा असे सहा खाने असतात. सिलिंडरचा एकूण घेर हातात मावेल एवढाच ठेवावा लागतो. म्हणून छिद्रे मोठी केली की दोन छिद्रांमधली आणि बाहेरची भिंत आपोआप पातळ होते. त्यातच सिलिंडर जागच्या जागी अडवणारी खाच बऱ्याच सहाबारींत नेमकी खाण्यावरच कोरलेली असते. तिथे भिंत आणखी पातळ.

१४/
मोठ्या बोअरची खरी गोम ती ही. दाब तोच असला तरी रुंद पोटाच्या भिंतीवर ताण जास्त येतो, कारण वायूला ढकलण्यासाठी जागा जास्त मिळते. आणि रिव्हॉल्व्हरमध्ये तो ताण पेलणारी भिंत तर आधीच पातळ झालेली असते. म्हणजे ‘मोठा बोअर, म्हणून मजबूत शस्त्र’ हा समज बरोबर उलटा आहे. मोठ्या बोअरचे जुने रिव्हॉल्व्हर दाबाच्या बाबतीत अधिक नाजूक असण्याचीच शक्यता जास्त. मुलुखमैदानच्या कारागिराने सव्वा फुटाची भिंत उभारून जे साधले, ते कमरेला लावायच्या शस्त्रात साधण्यास जागाच नसते.

१५/
वेब्लीचे आकडे हेच सांगतात. ०.४५५ इंचाची, सुमारे १७ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी. वेग सेकंदाला सुमारे ६०० फूट. दाब सुमारे १३,००० पौंड. १९३५ मध्ये आलेल्या ०.३५७ मॅग्नम काडतुसाची गोळी सुमारे १० ग्रॅमची, पण दाब ३५,००० पौंडांपर्यंत. ही हलकी, अरुंद गोळी वेब्लीच्या जाडजूड गोळीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा घेऊन निघते. घेरावरून ताकद ठरवणारा इथे साफ फसतो.

१६/
आणि असे फसलेले पुष्कळ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेने काढून टाकलेली हजारो वेब्ली रिव्हॉल्व्हरे अमेरिकेच्या बाजारात स्वस्तात विकली गेली. तिथे ०.४५५ ची काडतुसे दुर्मिळ, पण ०.४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसे मुबलक. विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू थोडी तासली आणि चपट्या पोलादी चकत्यांत अडकवून ती काडतुसे त्यात बसवली. काडतूस छान बसले. त्याचा दाब मात्र २१,००० पौंडांपर्यंत जातो : वेब्लीच्या नेहमीच्या दाबाच्या दीडपटीहून अधिक, कसोटीच्या बारालाही मागे टाकणारा. काही शस्त्रे पहिल्याच दिवशी फुटली नाहीत, म्हणून ती सुरक्षित ठरवली गेली. तडा आतून वाढत राहतो. बाहेरच्या माणसाला तो शेवटच्या बाराला दिसतो.

१७/
याच्या उलट, शहाणपणाचेही एक उदाहरण आहे. ०.३५७ मॅग्नमची गोळी जुन्या ०.३८ स्पेशलच्याच व्यासाची. म्हणजे नवे काडतूस जुन्या, १७,००० पौंडांच्या शस्त्रात सहज शिरले असते. निर्मात्यांनी काडतुसाचे कवच मुद्दाम सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरने लांब केले. आता ते जुन्या खाण्यात पूर्ण बसतच नाही. सिलिंडर मिटतच नाही. उलट ०.३८ चे काडतूस मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये निर्धास्त चालते. ०.४४ स्पेशल आणि ०.४४ मॅग्नम यांच्यातही हाच नियम पाळला गेला. वापरणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर विसंबून न राहता वस्तूच्या आकारातच इशारा घडवणे, हे अभियांत्रिकीतले मोठे शहाणपण होय.

१८/
जिथे हा इशारा घडवला गेला नाही, तिथे धोका आजही जिवंत आहे. ०.४५ कोल्ट हे काडतूस १८७३ चे, काळ्या दारूच्या काळातले. त्याची मान्य दाबमर्यादा १४,००० पौंड. आजच्या काही भक्कम रिव्हॉल्व्हरांसाठी त्याच कवचात कितीतरी जास्त दाबाची काडतुसे भरली जातात. बाहेरून दोन्ही सारखी, लांबीही सारखी. नव्या शस्त्रात जे निर्धोक, तेच शंभर वर्षांच्या शस्त्रात घातक. इथे माणूस आणि अपघात यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त डब्यावरचा मजकूर. सुटी, बेनामी काडतुसे म्हणून सर्वांत धोक्याची.

१९/
मग मोठा बोअर आणि उच्च दाब एकत्र नांदूच शकत नाहीत काय? नांदतात, पण किंमत मोजून. ०.४५४ कॅसुल या काडतुसाचा दाब ६५,००० पौंडांपर्यंत जातो. त्यासाठी अमेरिकेत १९८३ मध्ये जे रिव्हॉल्व्हर बाजारात आले, त्याच्या सिलिंडरमध्ये सहाऐवजी पाचच खाने होते. एक बार कमी केला आणि त्या जागेचे पोलाद भिंतींना दिले. शिवाय पाच खान्यांमुळे अडवणीची खाच दोन खान्यांच्या मधल्या जाड भागावर सरकली. मुलुखमैदानच्या कारागिराचाच हा न्याय, चार शतकांनंतर तळहाताच्या मापात.

२०/
याचा अर्थ कमी दाब म्हणजे निर्धोक, असाही नाही. जुने, दमट, वर्षानुवर्षे लपवून ठेवलेले काडतूस कधीकधी अर्धवट पेटते. आवाज बारीक येतो, धक्का जाणवत नाही आणि गोळी नळीतच अडकते. तेव्हा घाईने दुसरा बार काढला, तर मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. पारतंत्र्यातील क्रांतिकारकांना शस्त्रे चोरवाटेने मिळत, काडतुसे जुनी व मोजकी असत, सराव करण्यास जागा नसे. त्यांच्या हातातील रिव्हॉल्व्हर शत्रूइतकेच त्यांच्यासाठीही बेभरवशाचे होते. त्यांच्या धाडसाची मोजदाद करताना ही बाजू धरली, तर ते धाडस अधिक नेमके कळते.

२१/
हॉटसन प्रसंगाकडे या नजरेने पाहावे. त्या काळच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांचा दाब कमी, गोळी मऊ शिशाची आणि वेग आजच्या मानाने मंद. अशा गोळीसमोर भरलेले पाकीट आणि धातूचे बटन आले, तर ती अडू शकते. त्यासाठी चिलखताची कथा रचण्याची गरज उरत नाही. ‘गोळी लागली आणि माणूस वाचला, म्हणजे नक्कीच चिलखत’ हे अनुमान आजच्या शस्त्रांचा दाब १९३१ च्या नळीत भरून काढलेले आहे. ०.४५५ च्या वेब्लीत आजचे काडतूस घालणारा जी चूक करतो, तीच ही, फक्त विचारांच्या पातळीवर.

२२/
यावर एक आक्षेप हमखास येतो : ‘आजोबांनी हेच रिव्हॉल्व्हर कित्येकदा चालवले, काही झाले नाही, आणि बनवणारे भरपूर मोकळीक ठेवतातच की.’ मोकळीक ठेवतात, हे खरे. पण ती अपघातासाठी असते, रोजच्या वापरासाठी नसते. पुलावर ‘कमाल वजन’ लिहिलेले असते. पूल त्याहून थोडे जास्त पेलेल म्हणून कोणी रोज तेवढा ट्रक नेत नाही. धातू थकतो आणि प्रत्येक जादा बाराने त्याची शिल्लक घटते. आजोबांनी वापरली ती काडतुसेही आजची नव्हती.

२३/
भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर किंवा कसोटी-चाचणी यांचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही. त्यामागचे तत्त्व कसोटीगृहाचेच आहे : ताकद तपासण्याचा अधिकार हौशी हातांना नाही. आपल्याकडे सर्वसाधारण परवानाधारकाच्या हाती असलेले ०.३२ चे देशी रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घराण्यातले, मध्ये दुमडणारे आणि कमी दाबाचे आहे. त्याला ‘कमकुवत’ म्हणून हिणवणे व्यर्थ आहे. ज्या काडतुसासाठी ते घडले, त्यापुरते ते पूर्ण आहे.

२४/
म्हणून परवानाधारकासाठी नियम थोडे आणि कठोर आहेत. नळीवर किंवा सिलिंडरवर कोरलेले काडतुसाचे पूर्ण नाव आणि डब्यावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. नुसता बोअर जुळून भागत नाही. जुने शस्त्र जाणकार, परवानाधारक कारागिराने तपासल्यावाचून भरू नये. झाडल्यावर रिकामे कवच खाण्यात घट्ट अडकू लागले, तर तो जादा दाबाचा इशारा समजून तिथेच थांबावे. बारीक आवाज आला, तर शस्त्र सुरक्षित दिशेला धरून थोडे थांबावे, मग रिकामे करून नळी तपासावी. सिलिंडर आणि नळी यांच्यातील फटीजवळ बोट नेऊ नये. तिथून निसटणारा वायू कातडी चिरतो. आणि शंका असेल, तर झाडू नये.

२५/
आता इतिहासप्रेमींसाठी याहून जवळचा मुद्दा. गडकोटांवरील तोफा मातीतून काढून, सागवानी गाड्यांवर बसवून त्यांना मान देण्याचे काम महाराष्ट्रात अनेक तरुण मंडळे करतात. ते स्तुत्यच आहे. पण उत्सवात त्याच तोफेत दारू ठासून ‘सलामी’ देण्याचा मोह होतो, तिथे थांबले पाहिजे. शतकानुशतके मातीपाण्यात पडलेल्या बिडाची ताकद डोळ्यांना दिसत नाही. मिश्रधातूची तोफ फुटण्यापूर्वी निदान फुगण्याची शक्यता असते. बिडाची तोफ पूर्वसूचना न देता तुकडे होऊन उडते. फटाक्यांतील दारू तर तोफेसाठी नसतेच. तिचा जळण्याचा वेग तोफेच्या दारूहून वेगळा. तोफ लहान असली म्हणून धोका लहान होत नाही.

२६/
सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरच्या भुईकोटाला वेढा घातला, तेव्हा तटाबाहेर पेशव्यांच्या फौजेत गणपतराव पानसे होते. पेशव्यांचा तोफखाना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घराण्यातले. तोफखाना हे एका दिवसाच्या हौसेचे काम नव्हते, ती घराण्याने जपायची विद्या होती : कोणत्या तोफेला किती दारू, कोणता गोळा, किती बारांनंतर विसावा. ती विद्या संपली, तोफा उरल्या. विद्येवाचून उरलेल्या तोफेची जागा गाड्यावर आहे, बत्तीसमोर नाही.

२७/
आणि संग्रहालये, किल्ल्यांवरचे फलक, शस्त्रांवर लिहिणारी पाने यांनी आपली मापे बदलावीत. तोफेच्या फलकावर लांबी आणि वजनासोबत भिंतीची जाडी, धातू आणि गोळा दगडाचा की लोखंडी, हे लिहावे. रिव्हॉल्व्हरजवळ बोअरसोबत काडतुसाचे नाव आणि दारूचा प्रकार लिहावा. एवढ्याने पाहणाऱ्याचा प्रश्न बदलेल. ‘केवढी मोठी!’ या उद्गाराच्या जागी ‘हिने किती सोसले?’ हा प्रश्न येईल.

२८/
मुलुखमैदान हा शब्द मराठीत फर्ड्या वक्त्यासाठी वापरतात. खुद्द त्या तोफेला १८५४ मध्ये लिलावात अवघ्या दीडशे रुपयांची बोली आली होती. सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. केवळ घेराचे मोल बाजाराने तेव्हा दीडशे रुपये ठरवले. तिचे खरे मोल त्या सव्वा फुटाच्या भिंतीत आहे, आतला दाब ओळखून ती भिंत ओतणाऱ्या कारागिराच्या जाणिवेत आहे. ती जाणीव आजच्या तरुण अभ्यासकांनी उचलावी. मोठ्या बोअरचे कौतुक खुशाल करावे, पण त्यात काय भरले जाणार आहे, हे आधी विचारावे.

(समाप्त)